किडाच्या फिल्मची आणि माझ्या घराची तजवीज

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारी, आयुष्यभर माहितीपट बनवत आलेली, अविवाहित, आज पूर्ण शुद्धीवर असून, कोणाच्याही धाकाला, लाडीगोडीला किंवा औषधाला बळी न पडता, माझ्यामागे माझ्या मालमत्तेचं काय करायचं ते स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. हाताने अशासाठी, की माझ्या कॉम्प्युटरवर माझा भरवसा उरलेला नाही. कारण पुढे येईल. सोमवारी माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर म्हणतात, काळजीचं कारण नाही. हे त्यांनी मी न विचारता सांगितलं, म्हणून काळजी वाटते. माझं डोकं ठिकाणावर असल्याचा त्यांचा दाखला सोबत जोडला आहे.

याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. माझ्या नावाने दुसरं एखादं निघालं तर ते खोटं समजावं, आणि ते कोणी आणलं याची आधी चौकशी करावी.

१. राहतं घर

तिसऱ्या मजल्यावरच्या माझ्या दोन खोल्या, आतल्या सामानासकट, मी त्या मुलीला देते जिला तिचे मित्र आणि तिची आई ‘किडा’ म्हणतात. लहानपणापासून डोक्यात सतत काहीतरी वळवळत असायचं म्हणून हे नाव पडलं. माझ्या फिल्मचा विषय तीच आहे. तिला कोणी घर भाड्याने देत नाही. घरमालक आधी हसून किल्ली दाखवतात, मग वर्तमानपत्रातला फोटो आठवला की त्यांचा भाचा अचानक परगावाहून राहायला येणार असतो.

अट एकच. ताबा मिळाल्याच्या दिवशी कुलूप बदलावं. खटला सुरू झाल्यापासून माझ्याकडे गॅसचा मीटर बघायला बरीच माणसं येऊन गेली. त्यातल्या एकाला मीटर स्वयंपाकघरात असतो हेही ठाऊक नव्हतं. तो सरळ कामाच्या खोलीत शिरला.

२. फिल्म, आणि ती का अपुरी आहे

किडाने काय केलं ते इथे लिहिते, कारण सरकारी कागदात ते वेगळं लिहिलेलं आहे. पाणीखात्याने शहरातल्या नळांचं पाणी तपासून घेतलं होतं. अहवाल लोकांना दाखवायचे नव्हते, पण ते ठेवले होते अशा जागी, की इंटरनेटवरच्या पत्त्यातला शेवटचा आकडा बदलला की पुढचा अहवाल उघडत होता. ना कुलूप, ना पासवर्ड. किडाने एक छोटा प्रोग्रॅम लिहिला, सगळे अहवाल उतरवून घेतले आणि शहराचा नकाशा करून सगळ्यांसाठी टाकला. आपल्या गल्लीवर बोट ठेवा, तुमच्या नळाच्या पाण्यात शिसं किती ते दिसेल. लोकांनी बोटं ठेवली. मीही ठेवलं, आणि त्या दिवसापासून पाणी विकत घेऊ लागले.

मग तिच्या दारात गाडी आली. सरकारी यंत्रणेत घुसखोरी, चोरी, जनतेत घबराट. कलमं एवढी लावली की वाचून दाखवताना न्यायालयाच्या कारकुनाने मध्ये पाणी मागितलं. मी तिला जामिनावर सुटल्यावर भेटले. म्हटलं, तुझ्यावर फिल्म करायची आहे.

“तुम्ही त्यांच्यातल्या नाही कशावरून?” तिने विचारलं.

“नाही सांगता येणार.”

“मग ठीक आहे,” ती म्हणाली. “‘सांगते’ म्हणाला असतात तर मी उठून गेले असते.”

तिची मुलाखत माझ्याच कामाच्या खोलीत झाली. खोलीत तिघं होतो: किडा, मी, आणि माझा ध्वनिमुद्रक, ज्याला सगळा धंदा ‘कानसेन’ म्हणतो. त्या मुलाखतीत ती बोलता बोलता म्हणाली, “खात्याची धांदल उडणार हे मला माहीत होतं, आणि उडावी असंच वाटत होतं. पण त्याहून जास्त वाटत होतं ते हे, की माझ्या आईने नळाखाली पेला धरण्याआधी तिला हे कळावं.”

ही मुलाखत मी कोणाला दाखवली नव्हती. आणि सुनावणीत सरकारी वकील उभे राहिले आणि त्यांनी यातलं पहिलं वाक्य वाचून दाखवलं. शब्दाला शब्द. दुसरं वाक्य वाचलंच नाही. मी मागच्या बाकावर होते. किडा वळली, तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग कानसेनकडे, आणि पुन्हा समोर बघू लागली.

बाहेर आल्यावर मी कानसेनला विचारलं, “तू दिलंस?”

तो म्हणाला, “मी तुला हेच विचारणार होतो.”

इतक्या वर्षांत आम्ही एका ताटात जेवलो, एका गाडीत झोपलो, पुरातून कॅमेरा डोक्यावर धरून चाललो. आणि त्या पायऱ्यांवर दोन अनोळखी माणसांसारखे उभे राहिलो. त्याने आपले माइक गोळा केले आणि तो काम सोडून गेला. मी दिवसभर उशीच्या खोळी उसवून बघत बसले, कुठे काही लपवलेलं आहे का. सापडला तो फक्त कापूस.

किडा मात्र ठरल्या दिवशी चित्रीकरणाला आली. मी म्हटलं, “अगं, आमच्यापैकी एकाने तुला विकलंय. तरी आलीस?”

“एकाने विकलं असेल, तर दुसऱ्याने नाही ना विकलं,” ती म्हणाली. “त्या दुसऱ्यासाठी आले.”

मग तिने माझा कॉम्प्युटर बघायला मागितला. इंटरनेट वापरायचं नाही अशी तिला जामिनाची अट होती. “आधी ती तार काढा,” ती म्हणाली. “मग मी हात लावते.” मी तार काढली. तिने थोडा वेळ शोधलं, मग खुर्ची मागे सरकवली. “ताई, तुमच्याकडे जे जे साठतं त्याची प्रत आपोआप एका दुसऱ्या घरी जाते. कोणाचं घर आहे हे?”

पत्ता माझ्या धाकट्या भावाचा होता.

३. धाकटा भाऊ

माझा भाऊ बँकेत कॉम्प्युटर सांभाळून निवृत्त झाला. फार पूर्वी त्याने मला ही सोय करून दिली होती. “आग लागली तर तुझं सगळं काम जाईल, ताई. एक प्रत माझ्याकडे राहू दे.” मी म्हटलं होतं, कर बाबा. आणि विसरून गेले होते.

मी त्याच्या घरी गेले. त्याने दार उघडलं, माझं तोंड बघितलं आणि आढेवेढे घेतले नाहीत.

“तपास अधिकारी इथे येऊन बसला होता,” तो म्हणाला. “याच सोफ्यावर. चहा घेतला. म्हणाला, तुमच्या बहिणीला सगळं माहीत असून त्या गप्प बसल्या, त्यांचंही नाव आरोपींत घालायचं की नाही ते तुम्ही सांगा.”

“आणि तू फिल्म दिलीस.”

“तेवढा तुकडा दिला. तुझं नाव आरोपींतून निघालं.”

“आणि ती पोरगी?”

“मला माझी बहीण हवी होती, ताई. ती पोरगी माझी कोण?”

मी चप्पल घालून निघून आले. जिन्यात राग आला नाही, तो रस्त्यावर आला. अजून गेलेला नाही. पण त्या अधिकाऱ्याने मला हाच प्रश्न भावाबद्दल विचारला असता तर मी काय केलं असतं, हे मला छातीठोकपणे सांगता येत नाही, आणि म्हणून भावावर मला जास्त राग आहे.

कानसेनला मी फोन केला. तो आला, माइक मांडले आणि म्हणाला, “आता बाकीचं नंतर बोलू. आधी पूर्ण मुलाखत न्यायालयात देऊ.” दिली. न्यायाधीशांनी पूर्ण ऐकली, चष्मा पुसला आणि किडाला दोषी ठरवलं. शिक्षेला स्थगिती आहे, अपील वरच्या न्यायालयात आहे. दरम्यान पाणीखात्याने आमची गल्ली खणून जुने पाइप काढून नेले. का काढता, असं विचारलं तर मजूर म्हणाले, आम्हाला सांगितलेलं नाही.

४. कोणाला काय

संपूर्ण चित्रीकरणाच्या दोन प्रती कराव्यात. एक किडाकडे, एक कानसेनकडे. दोघांनी मिळून फिल्म पुरी करावी आणि एकमेकांवर लक्ष ठेवावं. मायेने ठेवलं तर उत्तम, नाहीतर नुसतं ठेवलं तरी चालेल. अपिलाचा निकाल काहीही लागो, तो फिल्मच्या शेवटी आहे तसा दाखवावा.

माझे कॅमेरे, त्यांच्या तिपाया आणि दिवे कानसेनला. जी लाकडी तिपाई तो गेली कित्येक वर्षं ‘माझीच आहे’ म्हणतो, ती त्याची नाही, तीही त्यालाच.

बँकेतली शिल्लक किडाच्या वकिलांच्या फीसाठी. उरलं तर तिच्या आईला.

भावाला काहीही देत नाही.

ही सगळी व्यवस्था माझे वकील पाहतील. त्यांच्यावर माझा विश्वास आहे असं नाही, पण ते माझ्याइतकेच संशयी आहेत, त्यामुळे बरं चालेल.

५. साक्षीदारांबद्दल

वकिलांनी बजावलं, की साक्षीदार असा हवा ज्याला या कागदातून काही मिळत नाही. एक म्हणून खालच्या मजल्यावरचा औषधवाला मिळाला. त्याला माझ्याकडून आजवर फक्त कटकट मिळाली आहे. दुसरा सापडेना. जो तो कशात तरी अडकलेला.

आज सकाळी भाऊ आला. सोमवारी मला दवाखान्यात त्याच्याच गाडीतून जायचं आहे. मी नको म्हटलं होतं, त्याने ऐकलेलं नाही. टेबलावरचे कागद त्याला दिसले.

“मृत्युपत्र?”

“हो.”

“मला काय ठेवलंयस?”

“काही नाही.”

तो खाली बसला. मला वाटलं, आता भांडेल. या कागदाला आव्हान देऊ शकेल असा जगात एकच माणूस आहे, आणि तो माझ्या समोर बसला होता. त्याने सही केली तर पुढे त्याला तोंड उघडता येणार नाही, हे माझ्या डोक्यात आलं. ते त्याच्याही डोक्यात आलं असावं, कारण तो माझ्याकडे बघून किंचित हसला.

“साक्षीदार मिळाला का तुला?” त्याने विचारलं.

“एक कमी आहे.”

त्याने खिशातून चष्मा काढला. कागद वाचायला मागितला नाही.

“कुठे करू सही?” तो म्हणाला.

मी बोट ठेवून जागा दाखवली. दुपारी औषधवाला वर येईपर्यंत हे पाचवं कलम लिहून काढलं.

वरील सर्व मजकूर माझाच आहे. मी या दोघांच्या देखत सही केली आणि त्यांनी माझ्या देखत.

लिहून देणार: (सही)
साक्षीदार: खालच्या मजल्यावरचा औषधवाला (सही)
साक्षीदार: लिहून देणारीचा धाकटा भाऊ (सही)

ठिकाण: माझी कामाची खोली, दार आतून बंद
दिनांक: शस्त्रक्रियेआधीचा शुक्रवार, दुपार