तुझी पाखाडी आणि त्यांची पाखाडी

प्रिय नलू,

आज सकाळी आपल्या इतिहास मंडळाचा सुहास पेढे घेऊन आला होता. पेढे! तुला जाऊन अजून वर्षसुद्धा झालेलं नाही आणि आपल्या ओटीवर पेढ्यांचा पुडा! तो तसाच ठेवलाय, मुंग्या लागल्यात. घरात बोलायला भिंती आहेत, म्हणून तुलाच लिहायला बसलो.

येत्या रविवारी तुझ्या नावाचा फलक लागतोय, अगो. 'कै. नलिनीबाई स्मृती पाखाडी मार्ग.' काळा दगड, सोनेरी अक्षरं. फीत मी कापायची, आणि फलकाच्या तळाला घालायला चार ओळीही मीच लिहून द्यायच्या. "काका, तुमच्याइतकं काव्य गावात कुणाला येतं?" म्हणाला. मंडळाच्या निमंत्रणपत्रिकेत तू माझी एक ओळ कधी राहू दिली नाहीस. "अहो, इतिहासाची व्याख्यानं आहेत, बारसं नाही," म्हणायचीस आणि सरळ रेघ मारायचीस. आज कुणीतरी आपण होऊन मागायला आलं, तर कशाच्या शेजारी लावायला? तुझ्या पाखाडीच्या उतरत्या चिऱ्यांवर ओतलेल्या सिमेंटच्या!

हो, सिमेंट. तुला हे मीच सांगायला हवं.

तू गेलीस आणि मुलगा मला पुण्याला घेऊन गेला. "बाबा, थोडा हवापालट होईल." दिवाळी करून परत आलो, तर आपल्या फाटकाशी रिक्षावाला विचारतो, "काका, इथंच उतरताय? गाडी आता खाडीपर्यंत जाते." मी म्हटलं, खाडीपर्यंत कशी जाईल रे? मागच्या अंगणात जाऊन बघितलं. आपल्या फणसापासून खालपर्यंत पांढरा, गुळगुळीत, आंधळ्या डोळ्यासारखा रस्ता. एक चिरा म्हणून दिसत नव्हता. मी तिथंच पाणी भरायच्या दगडावर बसलो. कितीतरी वेळ शाळेतल्या कविता आठवायचा प्रयत्न करत होतो. एकही आठवली नाही. असं माझं कधी झालंय का गं?

आठवतं, आपलं इतिहास मंडळ सुरू झालं तेव्हा लोक किती हसले होते? "गावाचा कसला इतिहास, बाई? इथं काय राजे राहिले?" दरवर्षी पौषात, भातं झोडून झाली की शाळेच्या पडवीत तुझी व्याख्यानं, आणि शेवटच्या रविवारी सहल. एकदा मुरुडला नेलंस, एकदा चिपळूणला वाशिष्ठीकाठी. पण लांब जायचं असो की जवळ, प्रत्येक सहल निघायची ती पाखाडी उतरूनच. तो तुझा नियम होता. मी मागून थर्मास घेऊन. मंडळात माझं पदच ते. "हे आमचे थर्मास," अशी ओळख करून द्यायचीस परगावच्या पाहुण्यांना!

आणि ती ओझ्याची पाटी! सगळ्यांच्या समोर कुणातरी नव्या सभासदाला पुढे बोलवायचं, डोक्यावर चुंबळ ठेवायची, त्यावर दगडांची पाटी, आणि हुकूम: "आता उतरा. पायाकडे बघायचं नाही." तो बिचारा घाबरून पाय टाकायचा, आणि पाय बरोबर चिऱ्यावर पडायचा. पुढचाही, त्याच्या पुढचाही. मग तू अशी काही खुलायचीस! "बघितलंत? डोक्यावर ओझं असलं की बाईला खाली बघता येत नाही. म्हणून चिरे असे बसवले, एकसारख्या अंतरावर, एकसारख्या उंचीचे. कुठल्या राजानं नाही बसवले. गावानं बसवले, आपल्या बायकांसाठी." मला तर ती पाखाडी म्हणजे वृत्तात बसवलेली कविता वाटायची. तुला एकदा तसं म्हटलं, तर म्हणालीस, "चला, चहा ओता."

मध्यावर तो उंच चिरा होता ना, ओझं टेकवायचा? कुणी मदतीला नसलं तरी बाईला एकटीला पाटी उतरवता यावी आणि परत डोक्यावर घेता यावी, म्हणून छातीइतका उभा केलेला. तिथं सगळ्यांना थांबवायचीस. हात ठेवायला लावायचीस. वरची कड किती गुळगुळीत झाली होती! तुझा हात तिथं पडला की मला उगाच हेवा वाटायचा.

इतके दिवस मला वाटत होतं की रस्ता ग्रामपंचायतीनं आपणहून केला. आज सुहासच्या तोंडून खरं कळलं. मागणी मंडळानं केली, नलू. आपल्या मंडळानं! ठराव करून, टाळ्या वाजवून!

"काकूंची शेवटची इच्छा होती ना काका," सुहास म्हणाला, "ती आम्ही पुरी केली."

"कुठली इच्छा?"

"असं काय करता? गेल्या वर्षी शेवटच्या व्याख्यानाला त्या खुर्चीत बसून बोलल्या, तुम्ही होतात की शेजारी. 'मला आता फार बोलवत नाही, एकच मागणं आहे, आपली पाखाडी सुधारा.' मी तर रडलो होतो. म्हटलं, अध्यक्ष म्हणून आपण दुसरं काही नाही केलं तरी चालेल, पण खालच्या पाखाडीला रस्ता द्यायचाच."

खालच्या पाखाडीला!

कळलं का तुला? आपल्याकडे चिऱ्यांच्या उतरत्या वाटेला पाखाडी म्हणतात आणि घरांच्या वस्तीलाही. खाडीकाठची घरं म्हणजे खालची पाखाडी. तू वाट म्हणालीस, त्यांनी वस्ती ऐकली. तुला म्हणायचं होतं, सुटलेले चिरे बसवा, त्यांनी ऐकलं वस्ती सुधारा. आणि वस्ती सुधारायला रस्ता नेला कुठून? तुझ्या वाटेवरून!

मी त्याला म्हटलं, "सुहास, ती त्या वाटेबद्दल बोलत होती."

तो हळूच म्हणाला, "म्हणजे… त्या पायऱ्या?"

पायऱ्या! नलू, पायऱ्या म्हणाला तो! तुझ्याच शाळेत शिकलेला, मुंबईला नोकरी करून परत आला म्हणून तूच हौसेनं अध्यक्ष केलेला. इतकी वर्षं तू घसा कोरडा करून बोललीस, आणि तुझ्या व्याख्यानांना पहिल्या रांगेत बसणाऱ्याला तू ज्यावर उभी राहायचीस त्या वाटेचं नावसुद्धा ठाऊक नव्हतं. मग ऐकत काय होते हे सगळे? चहाची वाट बघत होते की काय?

पण तुझ्यावरही माझा राग आहे, सांगून टाकतो. "जरा पायऱ्या नीट करा" एवढं साधं बोलली असतीस तर काय बिघडलं असतं? पण नाही! कुणी चुकून पायऱ्या म्हटलं की तू फटकारायचीस, "पायऱ्या देवळाला असतात. ही पाखाडी." शब्द बरोबर वापरायचा तुझा हट्ट. शेवटच्या दिवशी, धाप लागलेली असताना, माइक धरायला हात उचलत नव्हता, तरी बरोबर शब्दच वापरलास. त्या बरोबर शब्दानंच घात केला गं!

सुहासनं चष्मा काढून पुसला. मग म्हणाला, "काका, आता फलक तयार झालाय. नाव कोरून झालंय." आणि जाता जाता, वातावरण हलकं करायला की काय, "यंदाची सहल आरे-वाऱ्याला नेतोय. सगळ्यांना मंडळाच्या टोप्या. तुम्ही याच."

मी विचारलं, "तिथं काय बघणार?"

"समुद्र," म्हणाला. "काका, दरवर्षी इतिहास कशाला? थोडी मजा पण."

दुपारी मला घरात बसवेना. काठी घेतली आणि त्या रस्त्यानं खाली गेलो. सिमेंटवर उतार फार आहे, पाय कुठं टाकायचा ते दर वेळी बघावं लागतं. तुझ्या पाखाडीवर मी या वयातसुद्धा आंब्यांच्या शेंड्यांकडे बघत उतरायचो! आता मान खाली. खालच्या पाखाडीत येसू भेटली, अंगणात धुणं धूत होती. आपल्याकडे भात लावायला यायची ती. मी रस्त्याकडे बघतोय हे तिनं ताडलं.

"काका, तुमी नावं ठेवणार बगा या रस्त्याला," ती म्हणाली. "पण माज्या सासूला डोलीत घालून वर न्यायला लागायचं. चार बापये लागायचे उचलायला, आन बापये तर सगळे मुंबयला. आता रिक्षा दारात येते."

खरंच बोलत होती ती. रस्ता हवाच होता त्यांना. कलमांच्या बागेच्या कडेनं, लांबून नेता आला असता, एवढंच. पण बागवाल्यांना कोण विचारणार? पाखाडीला काय, मालकच नव्हता. वाट ती, सगळ्यांची, म्हणजे कुणाचीच नाही.

"काकू आसत्या ना," येसू हसत म्हणाली, "तर वरपासना खालपावत रस्त्यात आडव्या पडल्या आसत्या."

आम्ही दोघंही हसलो. मग माझं लक्ष तिच्या हाताकडे गेलं. ती कपडे कशावर आपटत होती सांगू? तुझ्या ओझ्याच्या चिऱ्यावर! ठेकेदाराच्या माणसांनी उपटून बांबूच्या बेटात फेकला होता, तो तिच्या नवऱ्यानं ओढून आणला आणि आडवा घातला. मी वाकून वरच्या कडेवर हात ठेवला. साबणानं बुळबुळीत झाली होती, पण तीच.

"न्यायचाय काय?" येसूनं विचारलं. "न्या, तुमचाच तो. पण कपडे लय बरे निगतात हो याच्यावर."

मी म्हटलं, "राहू दे गो." त्या दगडानं इतकी वर्षं बायकांची ओझी घेतली. आता धुणं घेतोय. निदान त्याला कुणी फलक लावला नाही!

तर नलू, चार ओळी मी लिहिणार नाही. कागद समोर आहे, यमकंसुद्धा सुचतायत, मेली. पण नाही. आणि तुझं नाव त्या सिमेंटवर लागू देणार नाही. एवढा तरी नवऱ्याचा हक्क असेल की नसेल? रस्ता असू दे, येसूच्या सासूसाठी असू दे, पण तो तुझ्या इच्छेनं झाला असं उद्या आरे-वाऱ्याला टोप्या घालून जाणारे सांगत फिरतील, ते मला सहन होणार नाही.

तुला वचन देतो. रविवारी मी जाईन. फीत कापणार नाही. माइक मागून घेईन, आणि जन्मात पहिल्यांदा मंडळात व्याख्यान देईन. विषय, एक शब्द: पाखाडी. वाट म्हणजे काय, वस्ती म्हणजे काय, आणि तू शेवटी कुठली मागितलीस. कविता म्हणणार नाही, घाबरू नकोस. मग माळ्यावरची तुझी चुंबळ आणि पाटी बाहेर काढीन, दगड भरीन, सुहासला पुढे बोलवीन आणि पाटी त्याच्या डोक्यावर देऊन म्हणेन, "बाळा, आता उतर या रस्त्यावरून. पायाकडे बघायचं नाही."

पडू देणार नाही त्याला. मी पुढे उभा असेन. पण दोन पावलांत त्याची मान खाली जाईल, आणि ती सगळं गाव बघेल.

तुझाच,
माधव
(थर्मास भरून घेऊन जाईन. पण तुझं बोलणं पुरं होईपर्यंत कुणाला चहा देणार नाही.)