समुद्राची वाट

बेल रोश, मॉरिशस
१२ ऑगस्ट

चि. यश्विन,

अनेक आशीर्वाद. मी बरी आहे. तू पॅरिसहून परतल्याचं पेपरात वाचलं. फोटोत वाळलेला दिसलास. वेळेवर जेवत जा.

गावात पाणी अजून दिवसाआड दोन तास येतं. कुंपणापलीकडे तुमच्या कंपनीच्या गोल्फच्या गवतावर मात्र भरदुपारी फवारे उडतात. मी नऊ नंबरच्या व्हिलात चादरी धुते. वीस वर्षं ऊस तोडला त्याच जमिनीवर. त्या उसाच्या मजुरीवर तू शिकलास, आणि आता भाषणात याला ‘नव्या संधी’ म्हणतोस!

मे महिन्यात तुम्ही गावात घेतलेल्या त्या सभेचंच बोलते. बाबूजी टोपी हातात घेऊन उभे राहिले. “साहेब, कारखाना गेला, ऊस गेला. निदान समुद्रावर जायची आमची जुनी वाट तरी राहील ना?”

मुद्दाम साहेब म्हणाले, चारचौघांत तुझी लाज राखायला. तू कागदातून मान वर न काढता म्हणालास, “आजोबांच्या सूचनेची नोंद घेतली आहे. पुढचा प्रश्न?”

सख्ख्या बापाला आजोबा!

परतताना शेजारच्या रोजबाईने टोमणा मारलाच, “काय हो, साहेब ओळखीचे वाटले का?” बाबूजी हसले. “कामावर होता गं तो.” घरी येऊन जेवले नाहीत.

इथवर लिहून पत्र दोन दिवस तसंच ठेवलं होतं. आता लिहून टाकते.

२१ जुलैला सकाळी आम्ही पाच जण त्या वाटेने निघालो. तुमच्या नव्या फाटकावर रोजबाईचा भाचा जेरार पहाऱ्याला होता. रडकुंडीला आला बिचारा. “दमयंतीदीदी, पास लागतो. साहेबांच्या परवानगीशिवाय सोडलं तर माझी नोकरी जाईल.”

“कुठल्या साहेबांच्या?”

त्याने हुकूम दाखवला. खाली तुझी सही. किनारा कायद्याने सगळ्यांचा, वाट तेवढी कंपनीची! मी फाटकाचा आडवा दांडा दोन्ही हातांनी उपसून गवतात फेकला. जेरारला म्हटलं, “तू आरडाओरडा कर, म्हणजे तुझी नोकरी वाचेल.” तो ओरडत राहिला, आम्ही पुढे गेलो.

परवा पोलिसांनी कंपनीच्या तक्रारीची प्रत आणून दिली. ‘पाच अनोळखी इसम, लाल कापडात बांधलेलं एक मडकं घेऊन, बळजबरीने आत घुसले.’ त्याखालीही सही तुझीच.

यशू, त्या मडक्यात बाबूजी होते.

१८ तारखेला पहाटे झोपेतच गेले. तुझा नवा नंबर आम्हाला कुठे ठाऊक? कचेरीत फोन केला. मुलगी म्हणाली, साहेब व्हिला विकायला पॅरिसला गेलेत, निरोप काय देऊ? मी फोन ठेवून दिला. सभेतलं ते ‘आजोबा’ कानात होतं. अग्नी तुझ्या हातचा हवा होता, तो मी दिला. हा माझा गुन्हा, कबूल करते. पण फाटकाचा गुन्हा माझ्या पदरात घालू नकोस.

३ सप्टेंबरला कोर्टाची तारीख आहे. वकील म्हणतो, माफी मागा, कंपनी तक्रार मागे घेईल. मी माफी मागणार नाही. काय घेऊन चालला होता, असं न्यायाधीश विचारतील, तेव्हा मी नावानिशी सांगेन. तू हजर असशीलच. त्यांचा तू कोण लागतोस, ते तुझं तूच सांग.

बाबूजींची मुलगी,
दमयंती रामखेलावन