ताईचे शॉर्टकट

सोमवार, २ फेब्रुवारी

ताईने कॉम्प्युटरमध्ये काहीतरी करून ठेवलंय! फोटो स्टुडिओ दोघींचा, कॉम्प्युटर दोघींचा — आणि मला विचारलंसुद्धा नाही. डेस्कटॉपवरून फोल्डर उघडायला गेलं की विंडो थेट 'पासपोर्ट'मध्येच उघडते. वर जायचा बाण दाबला, तर ढिम्म. 'लग्नं' दिसत नाही, 'जुनी गिऱ्हाइकं' दिसत नाही. विचारलं तर म्हणते, "मला सोयीचं पडतं गं." कुठेतरी पाणी मुरतंय.

मंगळवार, ३ फेब्रुवारी

शॉर्टकटवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज बघितल्या. टार्गेटमध्ये लांबलचक ओळ — एक्सप्लोरर, स्लॅश, रूट, मग फोल्डरचा पत्ता. कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याला फोन लावला. "रूट म्हणजे विंडोला तिथेच तळ दिला, मॅडम. त्याच्या वरचं काही दिसतच नाही. मोठ्या मॅडमनीच करून घेतलं. प्रत्येक कामाला वेगळी बटणंसुद्धा लावून घेतली. तुम्हाला सांगू नको म्हणाल्या होत्या —" आणि फोनच ठेवला! जीभ चावली असणार.

मला सांगू नको. मला!

गुरुवार, ५ फेब्रुवारी

ताई सकाळी पुन्हा "बँकेत". आज बँकेला सुट्टी होती.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

चौकातला नवा स्टुडिओवाला ताईशी हसून बोलत होता. मी दिसताच सटकला.

आता एकेक ध्यानात येतंय. महिनाभर रिटचचं सगळं काम माझ्यावर ढकललंय. "तुझा हात चांगला आहे गं." ताईच्या तोंडून माझं कौतुक! शाळेपासून हिने माझ्या फक्त चुका काढल्यात. लग्नाच्या नव्या ऑर्डरीही नकोत म्हणते. म्हणजे इथलं आवरतं घ्यायचं, जुनी गिऱ्हाइकं उचलायची आणि त्याच्याकडे जायचं. मी काय दूधखुळी आहे?

पण भीती वाटते. आई गेल्यापासून ताईशिवाय मला आहे कोण?

शनिवार, ७ फेब्रुवारी

ताईच्या बोटांकडे बघत बसले. कंट्रोल, आल्ट, एक — विंडो उघडली. खालचा बाण, पुन्हा खालचा बाण, एंटर, एंटर — गिऱ्हाइकाचा फोटो हजर! माउसला हात नाही, नजर भलतीकडेच. किती सराईत झालीय! पावतीवरचं नाव मात्र मला वाचायला लावते. राणीसाहेब!

सोमवार, ९ फेब्रुवारी

केलं एकदाचं! ताई जेवायला गेल्यावर तिच्या शॉर्टकटमधली रूटची भानगड खोडून टाकली, नुसता ड्राइव्ह ठेवला. आता विंडो सताड उघडी — सगळे फोल्डर समोर. दोन तास धुंडाळलं. लपवलेलं काहीच नाही, सगळं जागच्या जागी. म्हणजे कॉपी करून नेलं असणार!

ओळ परत घातली नाही. तिला सांगितलंही नाही. उद्या बघूच, चेहरा कसा होतो ते.

मंगळवार, १० फेब्रुवारी

ताईने रोजच्यासारखी बटणं दाबली. तीच बटणं, तेच बाण — उघडलं 'घरचे फोटो'. स्क्रीनभर मी, माझ्या वाढदिवसाची, दात काढून हसणारी. ताई पार नाक टेकेपर्यंत स्क्रीनजवळ गेली. बराच वेळ बघत राहिली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "ह्या बाई आज फोटो न्यायला येणार ना गं? आठ कॉप्या काढू?"