उडण्यासाठी बाजूला काढलेले पैसे

३ फेब्रुवारी

फ्लाइंग क्लबात जाऊन आले. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "नातवासाठी चौकशी का, आजी?" म्हटलं, "स्वतःसाठी. आणि आजी मी घरी, इथे मॅडम म्हण." तिने फॉर्म पुढे सरकवला!

४ फेब्रुवारी

खर्च मांडला. चाळीस तासांत शिकवतात, पण शिक्षक म्हणतो, तुमच्या वयाला पन्नास धरा. आगाऊ! वर मीटर कधीपासून, तर इंजिन सुरू झाल्यापासून. म्हणजे धावपट्टीपर्यंत रांगत जायचेही पैसे. वाद घातला. "रांगतानाही ते पेट्रोल पितं, मॅडम."

बत्तीस वर्षं ऑफिसात साहेबांची प्रवासबिलं तपासली. प्रवास रेल्वेने, बिल विमानाचं — असे कितीतरी पकडले. इथेही लबाडी शोधली. सापडली नाही. चीडच आली.

माझ्या ग्रॅच्युइटीत बसतं. अगदी काठावर.

९ फेब्रुवारी

घरी सांगितलं. हे वर्तमानपत्रामागून म्हणाले, "स्कूटर स्टँडवरून काढता येत नाही तुला." चाळीस वर्षं किल्ली कोणाच्या खिशात होती?

चिरंजीव जेवायला आले होते. "आई, लोक काय म्हणतील?" सूनबाई हसू दाबत पाणी पीत होत्या.

कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर सांगायच्या, मुलींनी विचारल्याशिवाय मत देऊ नये. तो धडा तेव्हाच वाया गेला. म्हणून सांगितलं — पैसे माझे, मान माझी, मोडली तर मोडली.

कुठेही गेले तरी बरोबर कोणीतरी. आधी भाऊ, मग हे, आता मुलगा गाडीतून सोडतो आणि वाटेत उपदेश करतो. एकदा, फक्त एकदा, शेजारची सीट रिकामी हवी. एवढंच.

१८ फेब्रुवारी

क्लबाला डॉक्टरचा दाखला लागतो. दवाखान्यात पाटी — जोडप्याने तपासणी केल्यास दुसऱ्याला निम्मा दर. निम्मा दर मी सोडते होय! यांना ओढतच नेलं. "मला कुठे विमान चालवायचंय?" म्हणून रस्ताभर कुरकुर.

२० फेब्रुवारी

माझा रिपोर्ट स्वच्छ. डॉक्टर म्हणाले, "उडा खुशाल."

मग दुसरा कागद उचलला. यांच्या हृदयाच्या स्कॅनमध्ये तीन रक्तवाहिन्या तुंबलेल्या. बायपास, आणि तीही महिनाभरात. "बरं झालं, बरोबर आणलंत."

बरं झालं!

२१ फेब्रुवारी

यांनी रिपोर्ट कपाटात ठेवून दिला. मी पुन्हा बाहेर काढला.

२४ फेब्रुवारी

मुलाने त्याच्याकडे बोलावलं. नवा फ्लॅट, आठवा मजला. गॅलरीत नेलं, दार ओढून घेतलं. विम्याचे पैसे ऑपरेशनच्या अर्ध्या खर्चालाही पुरायचे नाहीत म्हणाला. मी म्हटलं, मग यांची मुदत ठेव मोडा, अशाच वेळेसाठी असते ती.

"नको आई, मुदतीआधी मोडली तर व्याज बुडतं. आणि तुझे पैसे तसे मोकळेच आहेत ना?"

मोकळे! मी मोकळी नाही, माझे पैसे मात्र मोकळे! पोराला शिकवलं मी, लग्न लावून दिलं मी, दर वेळी आईची पर्स आधी. यांची ठेव मात्र देव्हाऱ्यातली. म्हटलं, "नाही देणार. ज्याचं हृदय, त्याची ठेव." सून दारामागून ऐकत होती, ऐकू दे.

घरी येऊन यांनाही तेच सुनावलं. वाटलं, भांडतील. तर म्हणाले, "नको करूया ऑपरेशन. बघू उन्हाळ्यानंतर." म्हणजे जीव गेला तरी चालेल, ठेव हलता कामा नये! असला कंजूष माणूस मी जन्मात पाहिला नाही. उद्या हाताला धरून बँकेत नेते. परवा माझा पहिला तास आहे, तो काही मी चुकवणार नाही.

२५ फेब्रुवारी

बँकेतल्या बाईंनी यांचं नाव दोनदा शोधलं. ठेव नाही. दोन वर्षांपूर्वीच मोडली — मुलाच्या फ्लॅटसाठी. हे बुटांकडे बघत बसले. म्हणाले, "त्याने तुला सांगू नको म्हटलं होतं."

आणि काल तो त्याच फ्लॅटच्या गॅलरीत उभा राहून मला व्याजाचं सांगत होता!

क्लबात फोन केला. उद्याचा तास रद्द.