पश्चिमेच्या बुरुजातली भिंत

प्रिय धाकटे,

प्रिय लिहिताना हात अडखळला, पण जुनी सवय जात नाही. शाळेत सिस्टर सांगायच्या, रागात लिहिलेलं पत्र दुसऱ्या दिवशी वाचून मगच टपालात टाकावं. मी काल लिहिलं, आज वाचलं. एकही शब्द खोडावासा वाटला नाही.

मागच्या रविवारी मी बाबांना बेटावरच्या किल्ल्यात घेऊन गेले. ऐंशी पूर्ण झाल्याची भेट म्हणून त्यांना दुसरं काही नको होतं. होडीत बसल्यापासून त्यांची टकळी सुरू. "हल्ली या किल्ल्यातला सिनेमा गाजतोय ना, त्याची सगळी सजावट माझ्या धाकटीची." होडीवाला म्हणाला, "मग आजोबा, तुम्हाला तिकीट माफ." बाबा कितीतरी दिवसांनी मोकळं हसले. मला आपल्या सुट्ट्या आठवल्या. ते तिथे गवंडीकाम करायचे आणि आपण दोघी त्यांचा डबा घेऊन असल्याच होडीने जायचो. एकदा तू चुन्याच्या हौदात हात घातलास, तर काम टाकून तासभर तुझा हात धूत बसले होते. वर्षभर भिजल्याशिवाय त्या चुन्याला ते कोणाची थापी लागू द्यायचे नाहीत. मुकादम खेकसायचा, "भिंत लिंपतोयस की तपश्चर्या करतोयस?" बाबा आपले ढिम्म.

पश्चिमेच्या बुरुजातली ती लांब भिंत त्यांच्या अकरा वर्षांच्या कामातली सगळ्यात लाडकी. आता डोळ्यांना फारसं दिसत नाही, म्हणून तळहात टेकवत चालले. पाच पावलांवर थांबले. कमरेपासून डोक्यापर्यंत गिलावा गेलेला, आतले दगड उघडे पडलेले. मी तिथल्या पहारेकऱ्याला बाजूला घेतलं. तो म्हणाला, "कोठडीचं शूटिंग होतं. भिंत फारच नीटनेटकी दिसते म्हणून सजावटीच्या मॅडमनी स्वतः उभं राहून खरवडून घेतली." ती कोणाची भिंत आहे हे तुला ठाऊक होतं. दुसऱ्या कोणाला मी अडाणी म्हणून सोडून दिलं असतं. तुला कशी सोडू?

मी परत आले तर बाबा दगडांच्या सांध्यांत बोटं घालून उभे. म्हणाले, "चुना कच्चा राहिला गं. माझीच घाई झाली असणार." ज्या माणसाने आयुष्यात कधी घाई केली नाही, तो हे म्हणत होता. आणि मी गप्प बसले, कारण ते होडीभर लोकांना तुझं कौतुक सांगून बसले होते. त्या गप्प बसण्याची मला लाज वाटते, आणि ती लाज तुझ्यामुळे माझ्या वाट्याला आली.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी मला कागद घेऊन बसवलं आणि किल्ल्याच्या कचेरीला पत्र लिहायला लावलं. माझं काम कच्चं होतं, माफ करा, मी लिंपलेल्या बाकीच्या भिंतीही तपासून घ्या. खाली सही केली. टपालात टाकलं असं खोटं सांगून मी ते कपाटात ठेवलंय, आणि बाबा रोज विचारतात, उत्तर आलं का. शनिवारच्या आत ये. त्यांच्यासमोर बस आणि भिंत कोणी खरवडली ते स्वतःच्या तोंडाने सांग. फोन करू नकोस, फुलं पाठवू नकोस. नाही आलीस तर रविवारी मी सांगेन, आणि तुला बोलावलं होतं हेही सांगेन.

तुझीच, इलाज नाही म्हणून,
ताई