एका दाराचा कंटेनर आणि कॉनरॅडसाहेब

मी, उत्तम सीताराम घाडी, वय सदुसष्ट, राहणार लालबाग, शुद्धीवर असताना आणि कोणाचंही दडपण नसताना माझ्यामागची व्यवस्था लिहून ठेवत आहे. साखर वाढली आहे, पण ती रक्तात. बुद्धी शाबूत आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही.

१. राहतं घर पत्नी तुळसा हिचं. गिरणीचा संप लांबला तेव्हा आठ जणांची खाणावळ चालवून तिने आमची चूल पेटती ठेवली. ती असेपर्यंत घर विकायची भाषा कोणी काढू नये. तिच्यानंतर मुलगा चंदू आणि मुलगी मालन यांनी ते निम्मंनिम्मं घ्यावं.

२. गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, धागा ओवायचा माझा लोखंडी आकडा मालनला, कारण तो तिनेच मागितला. संपाच्या आदल्या दिवशी माझा जेवणाचा डबा गिरणीत खुंटीवर राहिला. तो मी मालकांना माफ केला आहे.

३. कंटेनर भरण्याचे नकाशे काढलेल्या माझ्या वह्या चंदूला. तो आमच्याच धंद्यात आहे, त्याला सप्लाय चेन म्हणतो आणि हे सगळं कॉम्प्युटरने आणलं असं समजतो. बाळा, मी माझगावच्या जहाजाने माल पाठवणाऱ्या कंपनीत लागलो तेव्हा जहाज बंदरातून सुटलं की आमचं काम संपायचं. मग गिऱ्हाइकं विचारू लागली, जहाजाचं राहू दे, माल दुकानात कोणत्या दिवशी पोचेल? साहेब लोक गांगरले. तेव्हा कंपनीने कारखान्यातून माल उचलायचा, आपल्या गोदामात दुकानवार लावायचा आणि थेट परक्या देशातल्या दुकानापर्यंत पोचवायचा, असं नवं खातं काढलं. त्याचे प्रमुख होते कॉनरॅड मिरांडा. संपानंतर मला कोणी दारात उभं करत नव्हतं, तेव्हा "याला माल कळतो" एवढं म्हणून मला कामावर घेणारे तेच. त्या एका वाक्यावर माझा संसार उभा राहिला.

४. आता जे पंधरा वर्षं पोटात ठेवलं ते. नव्या खात्याचा पहिला कंटेनर नाताळच्या टॉवेल-चादरींचा होता, तीन गावांतल्या दुकानांसाठी. जे गाव आधी लागणार, त्याचा माल मी आधी भरला. गिरणीच्या गोदामाला समोरासमोर दोन दारं. माल एका दाराने आत, दुसऱ्याने बाहेर, आधी आलेला आधी जातो. कंटेनरला दार एकच, हे रोज बघूनही माझ्या हाताला कळलं नाही. पहिल्या गावाचा माल दारापासून लांब, पार आतल्या टोकाला गेला. तिकडे रस्त्यात सगळा कंटेनर उपसावा लागला, नाताळ हुकला आणि गिऱ्हाईक तुटलं. कॉनरॅडसाहेबांनी वरिष्ठांना सांगितलं की नकाशा त्यांचा होता. त्यांना यार्डातल्या पत्र्याच्या शेडमध्ये पाठवलं आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच ठेवलं. दोन वर्षांनी त्यांची खुर्ची मला मिळाली. मी तिच्यावर बसलो आणि गप्प राहिलो. याची मला लाज वाटते. तो नकाशा माझा होता. हे कलम माझ्या मुलांसमोर मोठ्याने वाचावं.

<s>५. बँकेतली माझी मुदत ठेव श्री. कॉनरॅड मिरांडा यांना द्यावी.</s>

वरचं कलम का खोडलं ते हाताने लिहीत आहे. वकील आनंदीबाईंनी सांगितलं की ज्याला काही मिळायचं आहे त्याने साक्षीदार होऊ नये, त्याची सही झाली तर ते देणं रद्द होतं. मी कॉनरॅडसाहेबांना घरी बोलावलं होतं ते फक्त हे वाचायला. त्यांनी चष्मा पुसून दोनदा वाचलं. ते म्हणाले, "नकाशावर अक्षर तुझं होतं, उत्तम. मला त्याच दिवशी ठाऊक होतं. तुझी पोरं शाळेत होती, माझी कमावती झाली होती." मग त्यांनी पेन मागितलं. मी म्हटलं, साहेब, सही केलीत तर तुम्हाला काही मिळणार नाही. ते म्हणाले, "पाचवं खोड. चौथं खरं आहे, त्याला साक्षीदार लागेल."

ठेव आता तुळसाकडे जावी.

ठिकाण : लालबाग, मुंबई
तारीख : १४ ऑगस्ट २०११
लिहून देणार : उत्तम सीताराम घाडी

आमच्यासमोर सही केली, साक्षीदार :
१. दगडू मोरजे, शेजारी
२. कॉनरॅड मिरांडा, मित्र