यांच्या गाडीचे सुटे भाग

७ जुलै, सोमवार

आज नांदेडच्या गाडीनं आलं ते –
मदरबोर्ड, ७,२००
प्रोसेसर, ९,८००
लोखंडी पेटी (कॅबिनेट म्हणतात), रिकामी, २,६००
स्टँडवरून घरी आणायला ऑटो, ४०

यांची भाची दामिनी नांदेडला कॉम्प्युटरचं दुकान चालवते, दोन लेकरं सांभाळून. तिनंच नीट बांधून पाठवलं. मुरुडच्या स्टँडवर कंडक्टरनं खोकी उतरवली आणि विचारलं, "बसवराज मामा बरे हायेत का?" मी म्हटलं, "हाव, बरे हायेत." सोमवारी खोटं बोलले!

बरे नाहीत. गेल्या वर्षी मे महिन्यात साखरेनं यांचा उजवा पाय नेला, गुडघ्याखालून. एकतीस वर्षं एस.टी. चालवलेला माणूस. तेव्हापासून बाजेवर, भिंतीकडं तोंड. वाढलं तर जेवतात. पूर्वी घरापुढून गाडी गेली की नुसत्या आवाजावरून सांगायचे – "क्लच खलास हाय बघ ह्याचा." आता मानसुद्धा वळत नाही. लातूरचे डॉक्टर म्हणाले, जखम भरली, साखर ताब्यात आहे, पण माणसाला जगावंसं वाटलं पाहिजे, त्याची गोळी माझ्याकडं नाही.

म्हणून हा खटाटोप. शिवा, वेडेपणा असला तर पदरात घे.

९ जुलै

कशावरून सुचलं ते लिहून ठेवते, नाहीतर पुढं मलाच खरं वाटायचं नाही.

मागच्या महिन्यात दामिनीच्या दुकानात बसले होते. एक गिऱ्हाईक तिथं गेम तपासून बघत होतं. पडद्यावर बस! समोरच्या मोठ्या काचेतून रस्ता आत येत होता – वळणावर वळण, दोन्हीकडं उंच झाडं, कुठल्यातरी परक्या देशातली संध्याकाळ. गिऱ्हाइकाच्या हातात खरंखुरं स्टेअरिंग. मी अर्धा तास उभीच.

लग्नाच्या पहिल्या वर्षी हे कंधारच्या गाडीवर होते. एकदा मला पुढच्या सीटवर बसवून नेलं. (तिकीट मात्र काढायला लावलं!) असाच रस्ता काचेतून पोटात शिरत होता. किल्ला आला तेव्हा मला वाटलं, हे गाडी थांबवत नाहीत, किल्लाच पुढं येऊन थांबला.

दामिनी म्हणाली, "मामी, तयार मशीन लाखाच्या वर जातंय. भाग भाग जमवला तर साठात बसंल. पण प्रत्येक भाग दुसऱ्याला जमला पाहिजे, तिथंच लोक चुकतेत."

बचत गटातली माझी ठेव साठ हजार आहे. आणि जमवून घेणं मला येतं. दुसरं काय केलं आयुष्यभर?

१२ जुलै

वहीत नवं पान केलं. डावीकडं भाग, उजवीकडं तो कोणाकोणाला जमला पाहिजे ते. दामिनी फोनवर सांगते, मी उतरवून घेते.

प्रोसेसर म्हणजे मेंदू. त्याला बोर्डावर बसायला एक चौकोनी जागा, तिला सॉकेट म्हणतात. कंपनी एकच असली तरी सॉकेट वेगळं निघालं तर बसणार नाही. आम्हा लिंगायतांत सोयरीक बघताना मठ विचारतात, तसं हे. एका मठाचे असले की पुढचं बोलणं.

हे भिंतीकडं बघून पडले होते. मी मोठ्यानं वाचत होते, मुद्दाम.

१६ जुलै

फसले.

नात्यातल्या लग्नाला लातूरला गेले, तिथं एका दुकानात रॅम स्वस्त मिळाली म्हणून घेऊन आले. रॅम म्हणजे पट्टी असते, बोर्डाच्या खाचेत उभी बसते. पट्टीला खालून एक कट असतो, खाचेत एक दात. तो कट आणि खाचेतला दात समोरासमोर येईनात. जवाएवढा फरक. अंगठ्यानं दाबणार होते, पण हात थांबला. दामिनीला फोटो धाडला.

"मामी, दाबलं न्हाई ना? देवच पावला! ही नव्या पिढीची, आपला बोर्ड मागच्या पिढीचा. दोघी बी गुणाच्या, पर एका घरात नांदायच्या न्हाईत."

"मग आता?"

"आता सुनेला माहेरी पोचवा."

पोचवली. दुकानदारानं दोनशे कापून घेतले. माझ्या घाईची किंमत, त्याचा दोष नाही.

१९ जुलै

दगडोबा भावजी आले. यांच्याच गाडीवर अकरा वर्षं कंडक्टर होते. पेटी बघून म्हणाले, "वैनी, पिठाची गिरणी टाकून राहिल्या का?"

मी सगळं सांगितलं. तसे बाजेपाशी जाऊन मोठ्यानं म्हणाले, "ऐकलं का डायवरसाब? तुमच्या मालकिणीनं बॉडी आधी आणली, इंजिन मागून येनार हाय. आपल्या महामंडळाची तऱ्हा!"

मी हसले. हे नाहीत हसले.

चहा पिऊन निघाले तेव्हा दाराशी आवाज खाली करून बोलले, "वैनी, राग मानू नका. आता मला इकडं येऊ वाटत न्हाई. दर खेपेला मीच बोलतो, मीच हसतो. माझा दोस्त कुठं गेलाय कळना."

यांनी ऐकलं. ऐकलं असणारच, खोली केवढी!

२४ जुलै

ग्राफिक्स कार्ड आलं, जुनं, दामिनीनं तपासलेलं. रस्ता, झाडं, ऊन, सावली – पडद्यावर जे काही दिसतं ते हे कार्ड काढतं म्हणे. अंग वीटभर, पण लांबी जास्त. शिवणाची टेप लावली – कार्ड अठ्ठावीस सेंटिमीटर, पेटीची आतली जागा साडेतीस. बसतंय!

मग वीज पुरवणारा डबा. प्रत्येक भागाचे वॅट मांडले, बेरीज तीनशेच्या आत आली. म्हटलं चारशेचा पुरे, कशाला जास्त? दामिनी म्हणाली, "मामी, बेरीज झाली सपाटीची. घाटात कोन बघायचं?" हे लगेच पटलं. भरलेली गाडी चढाला कशी ओरडते ते मी ऐकलेलं आहे. साडेपाचशेचा सांगितला.

दुपारी पोथी वाचता वाचता डोळा लागला. स्वप्नात आमचीच गाडी, लाल, पण आत कोणी नाही, नुसतं ऊन बसलेलं सीटांवर. रस्ता पाण्यासारखा हलत होता. गाडी चालली होती की जमीन, समजेना. मागून यांची पाठ दिसत होती, खाकी शर्टात. मी हाक मारली नाही. स्वप्नात आपण हाक मारली की लोक वळतात आणि दुसरेच निघतात.

२८ जुलै, श्रावणी सोमवार

दामिनी आली, जमणारी रॅम, पडदा आणि उरलेले भाग घेऊन. दोघींनी मिळून जुळणी केली. मी पूजा उरकून ओल्या भस्माची बोटं घेऊनच उठले होते. घरात मिक्सर आला, फ्रिज आला, प्रत्येकाला पहिल्या दिवशी तीन बोटं ओढली आहेत. सॉकेटकडं हात नेला –

"मामीऽऽ! पिनांवर भस्म न्हाई! महादेव बी वाचवनार न्हाई!"

केवढ्यानं ओरडली! मग पेटीच्या कपाळावर ओढलं. शोभून दिसतं.

बटण दाबलं. पंखे फिरले, पडदा काळा. दामिनीनं आत बघितलं – कार्डाची एक वायर लावायचीच राहिली होती. ती लावली. आणि पडदा उजाडला.

हे झोपले नव्हते. पापण्या हलत होत्या.

२ ऑगस्ट

स्टेअरिंगचा संच आला. दामिनीनं सांगितल्याप्रमाणं टेबलाला आवळला, खालचा भाग खाली ठेवला. दगडोबा भावजींना निरोप धाडून बोलावलं. दोघांनी धरून यांना खुर्चीवर आणलं. नाही म्हणाले नाहीत. हो पण नाही.

पडद्यावर बस उभी होती, सकाळच्या धुक्यात. यांचे हात आपोआप वर आले, स्टेअरिंगवर बसले, पूर्वी बसायचे तसे. अंगठ्यानं कडा चाचपली.

मग खाली बघितलं.

तीन पेडल. क्लच डाव्या पायाचं. ब्रेक आणि अॅक्सिलेटर उजव्या पायाचे.

खाली नुसती लुंगी लोंबत होती.

दगडोबा भावजी एकदम पंख्याबद्दल काहीतरी बोलायला लागले. यांनी हात काढून घेतले. "बाजंवर न्या," एवढंच.

महिनाभर मी टेप लावली, वॅट मोजले, कट आणि दात जुळवले. सगळं सगळ्याला जमलं. ज्या माणसासाठी केलं त्याला जमतं का ते माझ्या पानावर कुठंच नव्हतं. गेलेला पाय भावजींच्या देखत पुन्हा त्यांना दाखवला मी.

३ ऑगस्ट

जेवले नाहीत.

४ ऑगस्ट, सोमवार

दामिनी फोनवर रडवेली झाली. "मामी, माझ्या बी ध्यानात आलं न्हाई बघा. पर सोपं हाय. अॅक्सिलेटर स्टेअरिंगच्या बटनावर घेता येतंय. न्हाईतर डाव्या पायाला देऊ."

फोन मोठ्या आवाजावर होता. बाजेवरून एकदम –

"ड्रायव्हर बटनावर गाडी चालवत न्हाई! डाव्या पायानं अॅक्सिलेटर? टेस्टलाच हाकलून देतेत!"

चौदा महिन्यांत इतकं मोठं वाक्य पहिलंच. रागाचं का होईना! मी आत जाऊन लिंगाला बेल वाहिला. आता काय करावं ते मात्र सुचेना. कृत्रिम पाय बसवणाऱ्या नांदेडच्या संस्थेची माणसं उन्हाळ्यात माप घ्यायला आली होती, त्यांनाही असंच परतवलं – "कुठं जायचं हाय मला?"

७ ऑगस्ट

आज दुपारी टेबलाखाली पाट टाकून बसले. डावा हात ब्रेकवर, उजवा अॅक्सिलेटरवर. तिथूनच हाक मारली, "अहो, क्लच तुमचा. बाकीचं मी बघते."

"काय करून राहिलीस तिथं?"

"बसले आहे. या."

मग बाज कुरकुरली. भिंत धरून, खुर्ची धरून, एका पायावर स्वतः आले! मी बाहेर नाही डोकावले.

"दे," म्हणाले.

मी दाबलं.

"हळू! दूध ओततेस तसं दे. … सोड. … ब्रेक. अगं ब्रेक, ते न्हाई!"

पहिल्यांदा कुंपणात गेलो. दुसऱ्यांदा कोणाच्यातरी अंगणात. त्या देशात सगळे उलट्या बाजूनं चालतात म्हणे, त्यावर जरा भांडून झालं. मग गाडी लागली रस्त्याला.

मला काही दिसत नव्हतं. डोळ्यांपुढं टेबलाची फळी आणि यांचं एक पाऊल. ज्या रस्त्यासाठी हे सगळं केलं तो वर चालला होता आणि मी त्याच्या खाली. विचारलं, "काय आलं हो?"

"चढ हाय. … दे. … आता तळं हाय डाव्या अंगाला. लई मोठं."

"पाणी हाय का?"

"काठोकाठ. डोंगर उलटा दिसून राहिला त्यात. सोड, वळण हाय. … पल्याड गाव हाय, देवळासारखं काहीतरी. दिवे लागलेत."

मी डोळे मिटले. सगळं दिसलं. तळं, उलटा डोंगर, दिवे. गाडी इतकी अलगद चालली होती की वाटलं, आपण दोघं कधी थांबणारच नाही. तासभर बोलले, मी दाबत राहिले, सोडत राहिले. हात सुन्न झाले तरी सांगितलं नाही.

१० ऑगस्ट

दगडोबा भावजी मागं वेताचा मोडा टाकून बसले. स्टीलच्या पेल्यावर चमचा – टिंग टिंग, डबल बेल!

"वैनी, तिकीट घ्या. फुकट सवारी चालनार न्हाई."

हे म्हणाले, "ती सवारी न्हाई, इंजिन हाय. इंजिनाला तिकीट लावतो का रे गाढवा?"

भावजी हसता हसता डोळे पुसत बसले.

१५ ऑगस्ट

टेबलाखालून उठताना गुडघा अडकला. उठताच येईना. यांनी खुर्चीतून हात दिला, ओढताना दोघंही पडता पडता राहिलो. मी हसण्यावारी नेलं. हे नाहीत हसले. मशीन बंद करायला सांगितलं.

१६ ऑगस्ट

आजही सुरू केलं नाही. बाजेवरच. पेपर मागितला, वाचला नाही. मला धास्ती – पुन्हा तसंच तर नाही?

१८ ऑगस्ट, सोमवार

पूजेवरून उठले तर हे बाजेवर बसलेले. "कागद घे. अर्ज लिहायचा हाय." म्हटलं, दामिनीकडून फोन करवते की. "फोनवर कोनी जागचं हलत न्हाई. कागद जाऊ दे." सांगत गेले, मी लिहीत गेले. शेवटी सही स्वतः केली. आता पोस्टात टाकते. नक्कल इथं –

"मा. व्यवस्थापक, कृत्रिम पाय विभाग, नांदेड. विनंती अर्ज करतो की, मी, बसवराज, निवृत्त चालक, राहणार मुरुड, जि. लातूर, आपली माणसं उन्हाळ्यात आली असता माप दिलं नाही, ती चूक माझी. पाय उजवा, गुडघ्याखालून. ब्रेकवर पूर्ण जोर देता येईल असा लागेल. काम घाईचं आहे, सध्या माझ्या पायाचं काम पत्नी करते आणि तिचे गुडघे दुखतात. मापाला कोणत्या दिवशी यावं, कृपया उलट टपाली कळवावे."